पाटीवरचा निसर्ग

निसर्गचित्र काढायला निसर्ग लागतो, ही समजूत मी बरीच वर्षं बाळगून होतो. प्रत्यक्षात लागतं ते घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, रंगांची पेटी, तीन ब्रश (पैकी दोन टक्कल पडलेले), बोर्ड, चार क्लिपा, जुनं धोतर फाडून केलेलं फडकं, टोपी, आणि एवढं सगळं खांद्याला लटकवून नदीपर्यंत उतरण्याची उमेद. ही मांडामांड पुरी होईपर्यंत, जे ऊन बघून आपण ती जागा धरलेली असते ते ऊन निघून गेलेलं असतं. मग बाटली कलंडते. मग मागे माणसं जमतात. घाटावर चित्र काढत बसलेल्या माणसाच्या मागे उभं राहणं हा आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क आहे. त्यातला एक हमखास विचारतो, "याचे किती मिळतात?" दुसरा परस्पर उत्तर देतो, "हौस असते एकेकाला!" आणि तिसरा एक शाळकरी पोरगा असतो. खरा समीक्षक तो. तो म्हणतो, "काका, म्हैस राहिली."

म्हैस समोरच पाण्यात बसलेली असते. ती राहण्याचं खरं कारण म्हणजे मला म्हैस येत नाही. पण आपण गंभीर चेहरा करून सांगतो, "कंपोझिशनमध्ये बसत नाही ती." पोरगा म्हशीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. त्याला पटलेलं नसतं.

तर अशा या माझ्या चाळीस वर्षांच्या हौसेत गेल्या दिवाळीत एक टॅब्लेट येऊन पडला. भाचा न्यू जर्सीहून आला होता. म्हणाला, "मामा, आता हे पाण्याचे उद्योग बंद. सगळे रंग यात आहेत. सांडायचं नाही, वाळवायचं नाही, धुवायचं नाही." आमच्या हिला शेवटचं वाक्य विशेष आवडलं, कारण माझ्या ब्रशांचं पाणी बेसिनला लागून आमच्या संसारात बरंच पाणी वाहून गेलेलं आहे. तिने त्या वस्तूला त्याच दिवशी 'पाटी' हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खोटंही नाही म्हणा. दगडी पाटीवर वाढलेल्या माणसाला काळी, चौकोनी, हातात मावणारी आणि पुसता येणारी वस्तू दिसली की दुसरं काय आठवणार? एकच फरक. लहानपणी आम्ही पाटीवरची पेन्सिल खात असू. आता पेन्सिलीलाच खायला घालावं लागतं. रोज रात्री तिला चार्जिंगला लावायची असते.

पहिले आठ दिवस मी गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी काढली. सिमेंटची टाकी काढायला निसर्गाची परवानगी लागत नाही. नवव्या दिवशी धीर करून मेणवलीला गेलो.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणीसांचा वाडा, त्याच्या पाठीशी कृष्णेवर उतरणारा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि १७३९ साली वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रचंड घंटा. ज्यांना नाना फडणीस आठवत नाहीत त्यांना २००४ सालचा 'स्वदेस' आठवतो. त्यात हा घाट आहे. मला आठवतात ते आमचे ड्रॉइंगचे मास्तर, कारण घाट काढायचा तर वाईचा, ही दीक्षा त्यांची. त्यांच्याकडे पुढे येऊच.

शबनम पिशवीतून फक्त एक पाटी आणि एक पेन्सिल काढून मी पायरीवर बसलो आणि पहिला चमत्कार झाला. मागे कोणी उभं राहीना. कागद-रंग घेऊन बसलेला माणूस निरुपद्रवी असतो. टॅब्लेट घेऊन नदीकडे टक लावणारा माणूस सरकारी असतो. लोक लांबून जात होते. दोघांनी नमस्कार केला. शेवटी एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पूररेषेचं काम का?" मी म्हणालो, "नाही हो, चित्र काढतोय." ते समजुतीने हसले. सरकारी माणूस खरं सांगत नसतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "असू दे. आमच्या अंगाची ती पायरी खचलीय बघा, तिसरी. बाया घागर घेऊन येतात, पाय मुडपतो. तेवढी लिहून घ्या." बोट दाखवून त्यांनी ती पायरी मला नीट दाखवली. कुठून तिरकी झाली, कुठल्या बाजूचा दगड पुढे सरकला, खाली कसं पाणी शिरतं, सगळं. कशी आणि कधी खचली तेही सांगू लागले. पण माझं ऊन चाललं होतं. मी "लिहून घेतो, लिहून घेतो" म्हणालो आणि खरोखरच ती पायरी चित्रात घेतली. म्हणजे नोंद झाली असं मनाला समजावलं. ते समाधानाने निघून गेले. या गोष्टीची टोचणी मला नंतर लागली, तेव्हा लागली नाही.

आता त्या पाटीबद्दल. उन्हात स्क्रीनवर पहिल्यांदा दिसतो तो चित्रकाराचा स्वतःचा चेहरा. मागचा कडुनिंबही दिसतो, वरून गेलेला बगळा दिसतो, दिसत नाही ते फक्त चित्र. म्हणून आपण पाठ फिरवून, स्वतःच्या सावलीत पाटी धरून, मान वळवून घाट बघू लागतो. मला वाटलं हा शोध माझाच. पण अठराव्या शतकातले इंग्रज हेच करत होते. काळपट, किंचित फुगीर असा एक छोटा आरसा त्यांच्यात निघाला होता. क्लोद लोरँ नावाच्या जुन्या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई, कारण त्यात बघितलं की डोंगरदऱ्या त्याच्या चित्रांसारख्या सौम्य आणि जुन्या तुपासारख्या पिवळसर दिसत. हौशी प्रवासी शंभर मैल जाऊन, रमणीय देखाव्याकडे पाठ करून उभे राहत आणि तो देखावा आरशात बघत. स्मशानावरच्या कवितेसाठी प्रसिद्ध असलेला कवी टॉमस ग्रे हा १७६९ साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा हातात घेऊन चालला असता चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटांची पेरं फोडून घेतली. तरी तो तिथेच थांबला आणि सूर्यास्त पुरा बघून मगच निघाला. मला या माणसाबद्दल आदर आहे. पडल्यावर तरी त्याने थेट बघितलं असणार.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिलमध्ये साडेदहाला पाटी तापली आणि तिने काम थांबवलं. स्क्रीन काळा, वर थर्मामीटरचं चित्र. माणसाला ऊन लागलं तर कांदा लावता येतो. टॅब्लेटला काय लावणार? मी तिला पिशवीत गुंडाळून देवळाच्या गाभाऱ्याशी, थंड फरशीवर नेऊन ठेवली. एका बाईने तिच्यापुढे दोन फुलं ठेवली. बहुधा पिशवीत मूर्ती आहे असं तिला वाटलं असावं. मी मध्ये पडलो नाही.

पण या सगळ्या गमतीच्या गोष्टी झाल्या. आणि 'यंत्र आलं की कला गेली' हा सूर लावायला मला आवडणार नाही, कारण तो सूर स्वस्त आहे आणि आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडी आपोआप येतो. १८४१ साली जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने लंडनमध्ये तैलरंगासाठी दाबता येणारी कथलाची नळी काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. टोचून काढायचे, आणि फुटलं तर कपड्यांचं जे व्हायचं ते व्हायचं. नळी आली, रंग खिशात मावू लागले, आणि मग चित्रकार शेताच्या बांधावर जाऊन तैलरंगात रंगवू लागले. आज आपण ज्याला अस्सल उघड्यावरचं चित्रण म्हणतो ते त्या कथलाच्या नळीचं देणं आहे. तेव्हा साधन नवं म्हणून नाक मुरडायचं नाही, एवढं ठरवूनच मी बोलतो आहे.

शिवाय या साधनाच्या बाजूने साक्षीला फार मोठा माणूस उभा आहे. डेव्हिड हॉकनी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, जन्म १९३७ चा. या माणसाने आधी फोनवर आणि मग २०१० पासून आयपॅडवर चित्रं काढायला सुरुवात केली तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. सत्तरीनंतर आपल्याकडे माणूस नवा चष्मा घ्यायलासुद्धा का-कू करतो. कोटाला आतून मोठा खिसा शिवून घ्यायची त्याची जुनी सवय होती, चित्रवहीसाठी. त्याच खिशात आयपॅड बसला. यॉर्कशरमध्ये वोल्डगेट नावाचा एक जुना रोमन रस्ता आहे. साधा गावाकडचा रस्ता, दोन्ही बाजूला झाडं. २०११ च्या हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तो त्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा गेला आणि वसंत कसा येतो ते काढत राहिला. आयपॅडवरची एक्कावन्न चित्रं आणि बत्तीस कॅनव्हास जोडून केलेलं एक अजस्र तैलचित्र असं मिळून ते एकच काम आहे. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते लागलं होतं तेव्हा मुलीकडे गेलेलो असल्यामुळे मला बघायला मिळालं.

माझं मत सांगतो. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा मी खरंच थबकलो. चारी भिंतींवरून हिरवा, जांभळा, गुलाबी असा काही उजेड आला की जत्रेत शिरल्यासारखं वाटलं. मग सवयीने मी एकेका चित्राजवळ गेलो, आणि तिथे पंचाईत झाली. तळहाताएवढ्या, फार तर वहीएवढ्या स्क्रीनवर काढलेली ती चित्रं छापताना माणसाएवढी केलेली. रेघ मोठी झाली की ती नुसती मोठी होत नाही, तिचं गुपित फुटतं. पानं म्हणजे सारख्या जाडीचे ठिपके, गवत म्हणजे सारखे फटकारे. रंगाला अंगच नव्हतं. तैलचित्रासमोर नाक नेलं की रंगाचा थर दिसतो, ब्रशचा केस अडकलेला दिसतो, माणूस कुठे घाईत होता ते कळतं. इथे नाक नेलं की नुसता गुळगुळीत कागद. काही हिरवे तर असे पोपटी होते की इंग्लंडात असा पोपटच नसेल.

पण पुन्हा मागे सरकलो आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे चालत गेलो, तेव्हा जे झालं ते मला आजवर विसरता आलेलं नाही. तोच रस्ता. तीच झाडं. जानेवारीत काड्या, मग खाली कुठेतरी पोपटी धूर, मग डबकं, डबक्यात आभाळ, मग एकदम झुडपं अंगावर आलेली. या माणसाने एकेक चित्र काढलंच नव्हतं. तारखा काढल्या होत्या. तैलरंगात तो ओला कॅनव्हास सांभाळत अशा थंडीत किती खेपा करू शकला असता? पाटी होती म्हणून तो उजेड जायच्या आत काढू शकला. एरवी निसर्गचित्रात दिवस असतो. इथे दिवसानंतरचा दिवस होता. सुटं चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावलं तर ते मला कॅलेंडर वाटेल, आणि एक्कावन्न एकत्र बघितली तर रस्त्यावर राहून आल्यासारखं वाटतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढे २०२० मध्ये, सारं जग दारं लावून बसलेलं असताना, त्याने नॉर्मंडीत आपल्या घराभोवतीच हेच केलं. त्या चित्रांवर टीकाकारांचे दोन तट पडले. मी अर्थात ती छापलेलीच बघितली आहेत, पण त्यात तळ्यावर पाऊस पडतानाची जी चित्रं आहेत ती मला पटली. थेंबाचं वलय काढायला रंग घोटायची सवडच नको. बोट टेकवलं की झालं. आणि त्याच वर्षाच्या चित्रांतून त्याने नव्वद मीटर लांबीचा एक सलग पट्टा केला, जवळच्या बायूच्या जुन्या भरतकामासारखा चालत चालत बघायचा. म्हणजे त्याचं त्यालाही कळलेलं दिसतं की याची गंमत चालण्यात आहे.

आमच्या कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचा परिसर असाच पुन्हा पुन्हा काढला. ते १९३१ साली गेले. त्यांच्याजवळ पाटी नव्हती. तळं होतं आणि सवड होती. त्यांचं सुटं चित्रसुद्धा पुरेसं वाटतं. का, ते सांगायला मला अवघड जातंय, पण प्रयत्न करतो.

पाण्याच्या रंगात पांढरा रंग नसतो. निदान आमच्या मास्तरांच्या शाळेत नव्हता. पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. कृष्णेच्या पाण्यावरची चमक दाखवायची तर ती जागा आधीपासून सोडून ठेवायची. म्हणजे काय काढायचं याच्या आधी काय काढायचं नाही ते ठरवायचं. एकदा ब्रश फिरला की फिरला. पावसाळ्यात महाबळेश्वरला कागद तासभर वाळत नाही आणि आभाळ उतरून डोंगरात शिरतं; एप्रिलात वाईला पहिला हात सुकला की दुसरा त्याच्यावर पत्र्यासारखा बसतो. हवाच चित्रात हात घालते. म्हणून ब्रश टेकवायच्या आधी माणूस दोन मिनिटं नुसता बघतो. भीतीने बघतो म्हणा हवं तर. पण बघतो.

पाटीवर भीती नाही. चुकलं की दोन बोटं टेकवा, मागचा फटकारा गायब. पुन्हा टेकवा, त्याच्या मागचा गायब. शेकड्यांनी मागे जाता येतं. आमच्या वेळी थुंकी लावून पाटी पुसली की विद्येचा अपमान म्हणून छडी बसे. इथे पुसण्याची सोय हीच विद्या. मी त्या दिवशी देवळाचं शिखर चौदा वेळा काढलं. चौदाव्यांदा ते बरं आलं. पण ते पहिल्या खेपेला शिखराकडे बघून आलेलं होतं आणि पुढच्या तेरा खेपांना स्क्रीनकडे बघून. एकदा मान खाली गेली की ती वर येत नाही, हा माझा अनुभव आहे. झूमचं तेच. दोन बोटं फाकवली की देवळाचा कळस हाताएवढा होतो. मी कळसावर कावळा काढला, कावळ्याला डोळा काढला, डोळ्यात उजेडाचा ठिपका ठेवला. बोटं पुन्हा जवळ आणली तेव्हा तो कावळा मोहरीएवढा झाला होता आणि देऊळ डावीकडे कललं होतं. अर्धा तास मी कावळ्याच्या डोळ्यात होतो.

आणि ते तयार ब्रश! त्यात एक पानांचा ब्रश आहे. फिरवला की आपोआप पानं पडतात. लहान-मोठी, उलटसुलट, अगदी खरी. अर्ध्या मिनिटात वड. मला आयुष्यात वड आला नव्हता. हर्षाने मी दोन्ही काठांवर झाडी लावून टाकली. नंतर लक्षात आलं की अलीकडचा वड, पलीकडची चिंच आणि मागचं आंब्याचं झाड ही तिन्ही एका आईची लेकरं दिसताहेत.

उजेडाचंही एक आहे. कागद उन्हात बसला की त्यावर घाटावरचंच ऊन पडतं. चित्र आणि समोरचं दृश्य एकाच सूर्याखाली असतात. पाटीचा सूर्य तिच्या पोटात. उन्हात दिसावं म्हणून मी तिचा उजेड पूर्ण वाढवला आणि त्या हिशेबाने रंग भरले. रात्री घरी उघडलं तर खोलीत कुणीतरी ओरडल्यासारखं झालं. मग छापून आणलं, तर स्क्रीनवरचा तो ओला पोपटी रंग कागदावर भेंडीच्या भाजीचा झाला. छापणाऱ्याचा दोष नाही. उजेडाने केलेले काही रंग शाईला येतच नाहीत.

हिला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि मनापासून म्हणाली, "अहो, छानच आलंय. खाली 'सुप्रभात' लिहा."

यापेक्षा नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

तरीही ते चित्र मी मास्तरांकडे घेऊन गेलो. न्यायला नको होतं असं वाटत होतं, म्हणूनच नेलं. मास्तर आता नव्वदीचे आहेत. एकेकाळी आमच्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेताना खडूचा एक फटका मारून फळ्यावर घागर उभी करणारा हात आता चहाच्या कपाबरोबर थरथरतो. वाईचा घाट उतरणं बंद होऊन पंधरा-एक वर्षं झाली. शाळा सोडताना त्यांनी माझ्या वहीवर एक शेरा मारला होता. "हात बरा. डोळा आळशी." पुढे मी बँकेत गेलो, निवृत्त झालो, नातवंडं झाली, पण तो शेरा कुणी खोडला नाही. चाळीस वर्षं घाटाघाटांवर स्टूल घेऊन हिंडलो ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी निसर्गाची ओढ वगैरे सांगेन.

मास्तरांनी चित्र हातात घेतलं. "जड आहे," म्हणाले. हे पाटीविषयी. चित्राविषयी काही बोलेनात. मला अवघडल्यासारखं झालं म्हणून मी म्हणालो, "मास्तर, यात एक गंमत आहे. चित्र कसं काढलं ते हे सगळं पुन्हा दाखवतं." आणि बटण दाबलं.

मी स्वतःही ते तोवर नीट बघितलेलं नव्हतं. कोरा पडदा. मग एक रेघ, नदीची. मग घाटाच्या कडा. दोन तासांचं काम दीड मिनिटात, भुताने काढावं तसं. हॉकनीला याच गोष्टीचं मोठं अप्रूप वाटलं होतं. आपण चित्र कसं काढतो ते आपण स्वतः कधीच बघत नसतो, ते त्याला या यंत्रामुळे पहिल्यांदा दिसलं, आणि प्रदर्शनात त्याने ही हलती चित्रंही लावली. पण तो हॉकनी. मी मास्तरांच्या शेजारी बसून घामाघूम झालो होतो. पुरी झालेली चित्रं मी त्यांना शेकडो दाखवली असतील. पण मी कुठे थांबलो, कशावर रेंगाळलो, कशाला बगल दिली हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. माझी लबाडी आजवर कागदाच्या आत वाळून गेलेली होती.

"थांबव," मास्तर म्हणाले.

पाण्यात एक काळा डाग आला होता. दुसऱ्या क्षणी त्यावर निळा रंग फिरला.

"काय होतं ते?"

"म्हैस," मी म्हणालो. मागे घेतलेल्या रेघा माझ्या पाटीत परत दिसत नाहीत. पण मी म्हैस मागे घेतली नव्हती, तिच्यावर पाणी फासलं होतं.

"बुडवलीस. चालू कर."

शिखर आलं. "इथवर बघत होतास," ते म्हणाले. कावळा आला तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं. मग पानं कोसळायला लागली. वड, चिंच, आंबा, धडाधड. मास्तर खुर्चीत मागे टेकले. "इथे तू घरी गेलास." मी म्हणालो, "नाही मास्तर, चांगला बारा वाजेपर्यंत बसलो होतो." ते म्हणाले, "बसला असशील."

चित्र संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला मध्येच त्यांनी आपलं थरथरतं बोट पडद्यावर ठेवलं, आणि तिथे एक नको ती रेघ उमटेल की काय या भीतीने मी दचकलो. पण ते नुसतं दाखवत होते. खाली डाव्या कोपऱ्यात तिसरी पायरी. तिरकी झालेली, एका अंगाचा दगड पुढे सरकलेला, खालच्या फटीत काळं पाणी. सहा-सात रेघा असतील. त्यात ना पानांचा ब्रश, ना झूम.

"हे कोणी काढलं?"

"मीच."

"बघून काढलंयस." मग थोड्या वेळाने, "बाईचा पाय मुडपेल इथे."

मी त्यांना त्या म्हाताऱ्या गृहस्थांची हकीकत सांगितली. पूररेषेचा साहेब समजून ते कसे आले, त्यांनी बोट दाखवून कसं समजावलं. मास्तर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "म्हणजे डोळा त्याचा," ते म्हणाले. आणि विचारलं, "कशाने खचली?"

"पुराने असेल."

"असेल? त्याने सांगितलं नाही?"

"सांगत होता. माझं ऊन चाललं होतं."

मास्तरांनी पाटी माझ्या हातात परत दिली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. शेऱ्याविषयी मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, त्या खालच्या कोपऱ्याएवढा तुकडा मोठा छापून आणता येईल का? मी म्हणालो, मोठा केला की रेघा फुटतात. "फुटू दे," म्हणाले.

तो छापून दिला आहे. पुढच्या रविवारी पुन्हा मेणवलीला जायचं आहे. ते गृहस्थ भेटले तर पायरी कशाने खचली ते विचारायचं, ग्रामपंचायतीत अर्ज कुठे द्यायचा तेही विचारायचं, आणि मी साहेब नव्हतो हे कसं सांगायचं ते वाटेत ठरवायचं. मास्तरांनी म्हैसही सांगितली आहे. कागद न्यायचा की पाटी, यावर घरात चर्चा झाली. हिचं म्हणणं पाटीच न्या, बेसिन आत्ताच घासलंय. पेन्सिल चार्जिंगला लावली आहे.